कोर्टाला मार्क द्यायचे, तर पट्टी कोणती घ्यायची?

दिवाळीच्या सुट्टीआधी एका विधी महाविद्यालयाची चार मुलं माझ्या वकिलीच्या ऑफिसात आली. जिल्ह्यातल्या कोर्टांचं प्रगतिपुस्तक करायचं, तालुक्यांचे क्रमांक लावायचे आणि ते छापून वाटायचं, असा बेत. एकाने एक्सेल शीटही बनवून आणली होती. पहिल्या रकान्यात कोर्ट, दुसऱ्यात निकाली प्रकरणं, तिसऱ्यात क्रमांक. मी विचारलं, "यात खून किती आणि हेल्मेट किती?" तो शीटकडे बघत राहिला.

खुनाच्या खटल्यात वीस-पंचवीस साक्षीदार, शवविच्छेदन करणारा डॉक्टर, पंच फुटलेला, तपास अधिकारी बदलून गेलेला. हेल्मेटच्या खटल्यात माणूस उभा राहतो, गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि पाच मिनिटांत मोटरसायकलवर बसून निघून जातो. शीटमध्ये दोघांची किंमत एकच : निकाली, एक.

पोरांचा हेतू चांगला होता, म्हणून दोन संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसलो. वकील संघाला, एखाद्या स्थानिक वार्ताहराला किंवा ग्राहक संघटनेला असंच काही करायचं असेल, तर त्या दोन संध्याकाळींचा ऐवज इथे मांडतो. पट्ट्या बऱ्याच आहेत. एकाच कोर्टाला लावल्या तर प्रत्येक पट्टीचं उत्तर वेगळं येतं, म्हणून पट्टी निवडण्याआधी आपला प्रश्न ठरवावा लागतो. न्यायाधीश कामसू आहेत का, हा एक प्रश्न. या कोर्टात दावा लावला तर तो किती वर्षं चालेल, हा दुसरा. आणि इथे माणसाला नीट वागवतात का, हा तिसरा. बहुतेक लोकांच्या मनात दुसरा प्रश्न असतो आणि ते पट्टी पहिल्याची उचलतात.

युनिट

खालच्या कोर्टातल्या प्रत्येक न्यायाधीशाला उच्च न्यायालयाने कामाचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं. कोर्टाच्या आवारात त्याला 'नॉर्म्स' म्हणतात आणि मोजमाप 'युनिट'मध्ये होतं. लढवलेल्या सत्र खटल्याला जास्त युनिट, तडजोडीला कमी, गुन्हा कबुलीला त्याहून कमी. प्रत्येक उच्च न्यायालयाचं कोष्टक निराळं. महिन्याचा तक्ता वर जातो आणि त्यावरून साहेबांचा शेरा ठरतो.

नुसत्या डोकी मोजण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, कारण खून आणि हेल्मेट इथे एका तागडीत बसत नाहीत. वरिष्ठांना आपला माणूस काम करतो की नाही एवढंच बघायचं असेल, तर युनिट चालतं.

अडचण अशी की युनिटचा परिणाम बोर्डावर, म्हणजे रोजच्या सुनावणीच्या यादीवर होतो. चौदा प्रतिवादी, तीन मयत, त्यांचे वारस अजून रेकॉर्डवर यायचेत, गावनकाशा हरवलेला, असा वाटपाचा दावा हातात घेऊन महिना घालवायचा, की त्याच महिन्यात चेक बाऊन्सच्या वीस केसेस तडजोडीने काढायच्या? न्यायाधीशही माणूसच आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बोर्डावर काय चढतं आणि काय पुढच्या महिन्यात ढकललं जातं, ते तालुक्याच्या कुठल्याही ज्युनिअरला विचारा.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात येणारा आकडाही सांभाळूनच वाचावा. त्यात बँकांची, वीजबिलांची, वाहतुकीच्या चलनांची दाखलपूर्व प्रकरणं असतात, म्हणजे जी कोर्टात कधी आलेलीच नव्हती. ती मिटली हे छानच झालं. पण त्यामुळे प्रलंबित दाव्यांच्या गठ्ठ्यातला एकही कागद हललेला नसतो.

बाहेरच्या माणसासाठी आणखी एक गोष्ट : हे तक्ते तुम्हाला मिळणारच नाहीत. म्हणजे ही पट्टी घ्यायची म्हटली तरी हातात येत नाही.

एनजेडीजीचे आकडे

हातात येते ती ही. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड, सगळे एनजेडीजीच म्हणतात. २०१५ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांचे आकडे इथे कुणालाही बघता येतात. सर्वोच्च न्यायालयही सप्टेंबर २०२३ मध्ये त्यात आलं. राज्य, जिल्हा, मग कोर्ट असं खाली खाली जाता येतं. किती दाखल, किती निकाली, किती प्रलंबित, आणि प्रलंबित प्रकरणांचं वय काय : एक वर्षाच्या आतली किती, दहा वर्षांवरची किती. देशभरात खालच्या कोर्टांत साडेचार कोटींच्या वर प्रकरणं पडून आहेत. त्यांतली पन्नास लाखांच्या वर महाराष्ट्रात, उत्तर प्रदेशाच्या खालोखाल.

या आकड्यांवरून काय काढायचं, याची चांगली रीत युरोपकडे आहे. युरोप परिषदेने २००२ साली न्यायव्यवस्थेच्या कार्यक्षमतेसाठी एक आयोग नेमला, सेपेज नावाचा. तो दोन गोष्टी बघतो. वर्षात जेवढं दाखल झालं त्याच्या किती टक्के निकाली निघालं, ही पहिली. वर्षअखेरीची शिल्लक भागिले वर्षातले निकाल, गुणिले ३६५, ही दुसरी. आजच्या वेगाने आजचा गठ्ठा संपायला किती दिवस लागतील ते दुसऱ्या गणितातून कळतं. यात कुठल्याही न्यायाधीशाचं नाव येत नाही, मोजली जाते ती व्यवस्था. हा शहाणपणा मला फार आवडतो.

मुलांना मी कागदावर दोन कोर्टं काढून दिली. समजा, दोघांकडे वर्षाच्या सुरुवातीला २,००० प्रकरणं आहेत आणि वर्षात ९०० नवी येतात. पहिल्याने ९९० निकाली काढली : टक्केवारी ११०, शिल्लक १,९१०, गठ्ठा संपायला ७०४ दिवस. दुसऱ्याने ७२० काढली : टक्केवारी ८०, शिल्लक २,१८०, दिवस १,१०५. पोरांनी एका सुरात पहिल्याला नंबर दिला. मग मी पुढची ओळ लिहिली. पहिल्याच्या ९९० मध्ये दहा वर्षांवरचे दावे दोन. दुसऱ्याच्या ७२० मध्ये साठ. आता?

आता गप्प बसावं लागतं, कारण उत्तर प्रश्नावर अवलंबून आहे. नवा चेक बाऊन्सचा खटला घालणाऱ्याला पहिलं कोर्ट बरं. बापाच्या काळापासून दावा चालवणाऱ्याला दुसरं. टक्केवारी आणि दिवस हे दोन्ही आकडे वयाची फोड न करता छापले, तर जुनं काम उपसणारा न्यायाधीश नापास होतो आणि वरवरचं काढणारा पहिला येतो. एनजेडीजीवर वयाचे कप्पे तयार मिळतात. ते वापरलेच नाहीत, तर ती पट्टी घेतल्याचा उपयोग काय?

तुलना करताना कामाचा प्रकारही बघावा लागतो. गोवा आणि सिंधुदुर्ग, दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाखाली. पण गोव्यात वारसांतलं वाटप पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेने होतं, त्यासाठी त्या राज्याचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. सावंतवाडीचा वाटपाचा दावा आणि म्हापशाची इन्व्हेंटरी शेजारी शेजारी ठेवून 'कोण जलद' असं विचारणं चुकीचंच. तीच गोष्ट शहर आणि तालुक्याची. जिथे पतसंस्था जास्त तिथे चेकच्या केसेस जास्त, आणि जिथे धरण झालं तिथे भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे गठ्ठे.

खुर्ची रिकामी आहे का, तेही बघा. दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ साली सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते पाच वर्षांत करा म्हणून बजावलं. आज मंजूर पदंच २१ च्या आसपास आहेत, भरलेली त्याहून कमी. ज्या कोर्टात वर्षातले सहा महिने शेजारच्या तालुक्याचे साहेब आठवड्यातून दोनदा 'प्रभारी' म्हणून येत होते, त्याला नापास करताना मार्क नेमके कुणाचे कापायचे? राज्यांची ही कुवत मोजणारा 'इंडिया जस्टिस रिपोर्ट' २०१९ पासून निघतो. त्यात पोलीस, तुरुंग, न्यायव्यवस्था आणि विधी साहाय्य असे चार खांब असतात. पहिल्या दोन अहवालांत महाराष्ट्र मोठ्या राज्यांत पहिला होता. पण ती पट्टी पैसा, पदं आणि भरती मोजते. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात उद्या पुकारा होईल का, हे तिला विचारू नये.

आकड्यांचा सगळ्यात मोठा धोका मात्र 'निकाली' या शब्दातच आहे. पैशाचा दावा जिंकला, हुकूमनामा झाला, आकड्यात एक निकाल चढला. पैसे मात्र मिळालेले नाहीत. त्यासाठी दरखास्त लावायची, आणि ती पुन्हा वेगळं प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत संपवा असं सांगितलं होतं. २०२५ मध्ये उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले, तेव्हा देशात ८.८ लाखांवर दरखास्ती पडून असल्याचं निघालं. त्यांतल्या सुमारे ३.४ लाख महाराष्ट्रातल्या, देशात सर्वाधिक. शेतजमिनीच्या वाटपात तर दोन टप्पे आणखी वाढतात. आधी प्राथमिक हुकूमनामा, मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसील, तिथून मोजणी. दावा केव्हाच 'निकाली' आणि बांध तिथल्या तिथेच. तुमच्या तक्त्यात दरखास्तींचा वेगळा रकाना नसेल, तर तक्ता पक्षकाराच्या काही कामाचा नाही.

गोपनीय अहवाल आणि अपील

संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार खालच्या न्यायालयांवर ताबा उच्च न्यायालयाचा. प्रमुख जिल्हा न्यायाधीश आपल्या हाताखालच्यांचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहितात, उच्च न्यायालय तो तपासतं, निवडक निकालपत्रंही बघितली जातात. प्रत्येक जिल्ह्याला एक पालक न्यायमूर्ती असतात. निकालपत्राचा दर्जा, वागणूक, सचोटी या गोष्टी आकड्यांत मावत नाहीत, त्या इथेच तपासता येतात. मार्च २०१७ च्या हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामीन अर्ज साधारण आठवड्यात, आरोपी तुरुंगात असेल तर दंडाधिकाऱ्यांकडचा खटला सहा महिन्यांत आणि सत्र खटला दोन वर्षांत, अशा मुदती सांगितल्या आणि गोपनीय अहवालात कामगिरी तपासताना याच मुदती कसोटी म्हणून वापराव्यात असंही म्हटलं.

पण ही पट्टी घराच्या आतली आहे. माहिती अधिकारात अर्ज टाकून अहवाल मिळवू, असं एका मुलाने सुचवलं. नोकरीतले असे अहवाल ही वैयक्तिक माहिती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच सांगून ठेवलंय. अर्जावरचं तिकीट फुकट घालवू नका. आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना तर असा अहवालच नसतो. तिथे १९९९ पासूनची अंतर्गत चौकशीची पद्धत आणि त्यापुढे थेट महाभियोग. मधल्या पायऱ्याच नाहीत.

"मग अपिलात किती निकाल फिरले ते मोजू," दुसरा म्हणाला. ऐकायला बरं वाटतं. पण अपील होतं ते निवडक प्रकरणांत, ते ऐकायला येतं कित्येक वर्षांनी, आणि तोवर कायदाही बदललेला असतो. त्याहून वाईट म्हणजे, वरचं कोर्ट नाराज होईल या भीतीने खालचा माणूस सुरक्षित निकाल द्यायला शिकतो. जामिनाच्या बाबतीत हे सगळ्यांना दिसतं. तळाचे न्यायाधीश लक्ष्य होण्याच्या भीतीने जामीन द्यायला कचरतात, असं धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना जाहीरपणे म्हणाले होते. आदेश चुकला एवढ्यावरून न्यायिक अधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कृष्णप्रसाद वर्मा यांच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं. ही पट्टी मी मुलांना सरळ बाजूला ठेवायला लावली.

वकिलांना आणि पक्षकारांना विचारणं

अमेरिकेच्या काही राज्यांत न्यायाधीश नेमले जातात आणि ठरावीक वर्षांनी 'यांना ठेवायचं का?' असं मतदारांना विचारलं जातं. मतदाराला काय कळणार म्हणून अलास्काने १९७६ पासून वकील, पोलीस यांना प्रश्नावली देऊन अहवाल छापायला सुरुवात केली. युटाने २००८ मध्ये आयोग नेमला. तिथे तर प्रशिक्षित स्वयंसेवक मागच्या बाकावर बसून न्यायाधीश बोलू देतात का, ऐकतात का, समजावून सांगतात का, याची नोंद करतात.

या पट्टीची ताकद तिसऱ्या प्रश्नाला आहे. माणसाला कसं वागवलं, हे त्या माणसालाच विचारावं लागतं. पण मार्क देणाऱ्यांचे पूर्वग्रहही मार्कांत उतरतात. नेव्हाडातल्या वकिलांच्या अशा सर्वेक्षणाचा अभ्यास झाला, तेव्हा स्त्री आणि अल्पसंख्य न्यायाधीशांना इतरांपेक्षा कमी गुण पडतात असं आढळलं. आणि लोकमताचं वारं फिरलं की अहवाल कुणी वाचत नाही. कॅलिफोर्नियाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांना १९८६ मध्ये मतदारांनी घरी पाठवलं, ते फाशीच्या शिक्षा रद्द केल्याच्या रागातून.

आपल्याकडे मतदान नाही, हे एका अर्थी बरंच आहे. पण वकिलांकडून न्यायाधीशांना गुण देववण्याचा प्रकार तालुक्यात अजिबात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीस वकील, एक न्यायाधीश, बाररूममध्ये एकच चहावाला. कुणी काय लिहिलं ते संध्याकाळपर्यंत साहेबांच्या शिपायालाही कळतं. शिवाय ज्याने परवा तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, नाकारली त्याला उद्या दोन मार्क पडतात. तहकुबी नाकारणारा न्यायाधीशच पक्षकाराला हवा असतो, ही यातली गंमत. आणि १९९५ सालचं प्रकरण विसरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन मुख्य न्यायमूर्तींविरुद्ध वकील संघटनांनी ठराव केले, न्यायमूर्तींनी राजीनामा दिला, आणि तरीही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठराव करून दबाव आणणं ही बारची रीत नव्हे, तक्रार सरन्यायाधीशांपर्यंत न्यावी.

पक्षकारांना विचारणं मात्र जरूर करा, पण न्यायाधीशाबद्दल नव्हे. दिवसाबद्दल विचारा. किती वाजता आलात? पुकारा किती वाजता झाला? आत काय झालं ते कळलं का? कोणत्या भाषेत झालं? १९९८ पासून महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरी कठड्याशी उभ्या असलेल्या बाईला आपल्याबद्दल काय बोललं गेलं ते बाहेर येऊन कारकुनाला विचारावं लागतं. बसायला बाक होता का, बायकांसाठी संडास होता का? आज किती खर्च झाला? बेंगळुरूच्या 'दक्ष' संस्थेने २०१६ मध्ये देशभर असं विचारलं, तेव्हा दिवाणी पक्षकाराला एका तारखेचा सरासरी खर्च ४९७ रुपये आणि बुडालेला रोजगार ८४४ रुपये निघाला. अशी वीस प्रश्नांची पाहणी चार मुलं आठवड्यात करू शकतात.

रोजनामा

आणि आता माझी लाडकी पट्टी. प्रत्येक प्रकरणात प्रत्येक तारखेला काय झालं, याची नोंद रोजनाम्यात होते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखांची यादी उघडते, आणि बहुतेक तारखांवर बोट ठेवलं की त्या दिवसाची नोंदही दिसते. अमेरिकेतल्या राज्य न्यायालयांच्या राष्ट्रीय केंद्राने २००५ मध्ये कोर्ट मोजायच्या दहा पट्ट्या काढल्या. त्यांत एक आहे : ठरलेल्या तारखेला ठरलेलं काम होतं का? आपल्याकडे कोर्टाचा सगळा अनुभव याच एका प्रश्नात आहे. पक्षकाराचं आयुष्य 'निकाल' या शब्दाभोवती फिरत नाही, 'तारीख' या शब्दाभोवती फिरतं.

मुलांना दाखवायला मी माझ्याच कपाटातली एक फाईल काढली. वाटपाचा दावा, दोन गटांची जमीन, वादी बाई विधवा. अकरा वर्षं, चार न्यायाधीश, एकाहत्तर तारखा. आम्ही पाच जणांनी टेबलावर रोजनामा पसरला आणि एकेक ओळीवर पेन्सिलीने खूण करत गेलो. खरोखर काही काम झालं अशा तारखा चौदा : कैफियत आली, मुद्दे निघाले, निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर युक्तिवाद, सरतपास, उलटतपास, असं. उरल्या सत्तावन्न. त्यांतल्या एकोणीस न्यायाधीश नव्हते म्हणून गेल्या. रजा, प्रशिक्षण, बदली झाल्यावर रिकामी खुर्ची. सोळा समोरच्या वकिलांच्या अर्जावर. आठ सुरतेला राहणाऱ्या एका सहहिस्सेदाराला समन्स लागेना म्हणून. पाच 'वेळेअभावी'. आणि नऊ माझ्या अर्जावर. एका मुलीने नऊवर दोनदा टिचकी मारली, बोलली काही नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ म्हणतो की सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यात अपवादात्मक परिस्थितीची फट ठेवली, आणि त्या फटीतून आम्ही सगळे वकील रोज सकाळी अकराला आत शिरतो.

हीच फाईल बाकीच्या पट्ट्यांना दाखवा. युनिटला ती एक लढवलेला दावा दिसेल, आणि सगळं श्रेय चौथ्या साहेबांना मिळेल, ज्यांनी शेवटचं दीड वर्ष ती चालवली. एनजेडीजीला ती दहा वर्षांवरच्या कप्प्यातून वजा झालेली एक संख्या दिसेल. वकिलांच्या प्रश्नावलीत मी तिसऱ्या साहेबांना कमी मार्क दिले असते, कारण त्यांनीच माझी तहकुबी दोनदा फेटाळली होती. एकाहत्तर तारखा कुठे गेल्या आणि कुणामुळे गेल्या, हे मात्र फक्त रोजनामा सांगतो.

या पट्टीचेही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काम कंटाळवाणं आहे. शंभर प्रकरणांच्या तारखा वाचायला चार मुलांना तीन-चार आठवडे लागतील. कित्येक नोंदी 'उभयपक्ष हजर, पुढील तारीख' एवढ्याच असतात, त्यातून काही कळत नाही. 'वेळेअभावी' या शब्दामागे बोर्डावर लावलेली ऐंशी प्रकरणंही असू शकतात आणि दुपारनंतरची सुस्तीही. म्हणून एक 'कळत नाही' असा रकाना ठेवा आणि तो प्रामाणिकपणे भरा. तो रकाना जाड झाला, तर रोजनामा नीट लिहिला जात नाही हाही एक निष्कर्षच आहे. शिवाय सुरुवातीची वीस प्रकरणं दोघांनी वेगवेगळी वाचा आणि ताडून बघा. एकाच ओळीला एकाने 'काम झालं' आणि दुसऱ्याने 'वाया' म्हटलं असेल, तर आधी व्याख्या दुरुस्त करा.

तर कुणी काय घ्यावं

विद्यार्थी किंवा वार्ताहर असाल, तर रोजनाम्याचा नमुना आणि जोडीला एनजेडीजीची वयवारी, दरखास्तींचा रकाना वेगळा. पाच वर्षांवरची शंभर प्रकरणं सरमिसळ उचला, आपल्या ओळखीची नकोत. वकील संघ असाल, तर पहिल्यांदा स्वतःच्या तहकुब्या मोजा. तो आकडा घेऊन प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना भेटलात, तर रिकाम्या खुर्चीबद्दलचं तुमचं म्हणणं ते अधिक लक्ष देऊन ऐकतील. ग्राहक संघटनेला पक्षकारांची पाहणी सोयीची. ग्राहक आयोगांनाही ती लावता येते. तिथे तर २०१९ च्या कायद्यातच तीन महिन्यांची, आणि वस्तू तपासणीला जायची असेल तर पाच महिन्यांची मुदत लिहिली आहे. दावा लावायचा की समेट करायचा या विचारात असलेल्या एकट्या माणसाने यातलं काही करू नये. आपल्यासारखे पाच निकाली दावे ई-कोर्ट्सवर शोधून त्यांच्या तारखा मोजाव्यात, अर्ध्या तासाचं काम आहे.

तालुक्यांचे क्रमांक कुणीच लावू नयेत. चेकच्या केसेसनी भरलेलं कोर्ट आणि भूसंपादनाने भरलेलं कोर्ट यांची शर्यत लावण्यात बातमी आहे, माहिती नाही. क्रमांक लावायचाच असेल, तर कोर्टाचा त्याच्याच गेल्या वर्षाशी लावा.

छापण्याच्या भीतीबद्दलही मुलांनी विचारलं. न्यायालय अवमान अधिनियम १९७१ चं कलम ५ निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका करायला मोकळीक देतं. कलम ६ खाली, खालच्या न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेलं विधान अवमान ठरत नाही. २००६ च्या दुरुस्तीनंतर सत्य आणि लोकहित हा बचावही मांडता येतो. तरी न्यायाधीशाचं नाव छापू नका, आणि त्याचं कारण भीती हे नाही. चार साहेबांच्या अकरा वर्षांचा हिशोब पाचव्याच्या नावावर पडतो, एवढंच.

मसुदा तयार झाला की आधी कोर्टाच्या अधीक्षकांना नेऊन दाखवा. पद कधी रिकामं होतं, कुठल्या महिन्यांत प्रभारी होते, कोणत्या दिवशी वकिलांचाच कामबंद ठराव होता, हे त्यांच्या रजिस्टरमध्ये असतं आणि तुमच्या शीटमध्ये नसतं. त्या नोंदी लावल्यावर पोरांच्या 'न्यायाधीश गैरहजर' या रकान्यातल्या कितीतरी तारखा उचलून 'वकील' या रकान्यात टाकाव्या लागतील, हे मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.